गाडी विकावी का? वय ७३, गाडी पंधरा वर्षांची आणि एक फुटलेली कुंडी

सेकंड गिअर (कोथरूड, पुणे)

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं वय ७३. गाडी वॅगन आर, सप्टेंबर २०११ ची. म्हणजे येत्या सप्टेंबरला तिची पंधरा वर्षं भरतात आणि आरसी संपते. माझं लायसन्सही यंदाच संपतंय. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं, मागचं २०२१ ला काढलं होतं. दोन्ही मुदती एकाच वर्षी याव्यात असं काही मी ठरवलं नव्हतं.

आमच्या घरी गाडी मी चालवते. 'हे' कधी शिकलेच नाहीत. १९९९ साली मी म्हटलं, चला दोघं शिकू, तर म्हणाले तू शिक, मी शेजारी बसतो. तेव्हापासून शेजारी बसलेत आणि तेव्हापासून "हळू, हळू" चालू आहे. मी तेव्हा ४६ ची, बँकेत नोकरीला. ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुती ८०० मध्ये शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो हे मला चौथ्या दिवशी कळलं. तोपर्यंत वाटत होतं, काय सुंदर थांबवते मी गाडी!

बँकेची सवय, त्यामुळे हिशेबाची वही आहे. मागच्या वर्षी गाडी फक्त १,९०० किलोमीटर चालली. पेट्रोल १६,४००, सर्व्हिसिंग ८,४००, विमा ६,२००, नवी बॅटरी ४,७०० (गाडी उभी राहून राहून जुनी बसली) आणि गाडी पुसणाऱ्याचे ४,८००. एकूण ४०,५००. भागाकार केला तर किलोमीटरला एकवीस रुपये पडतात. रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७. म्हणजे गाडीची किंमत शून्य धरूनही रिक्षा स्वस्त! हा आकडा मी तीनदा तपासला, कारण तो मला नको होता.

पण पैशांसाठी हा धागा काढलेला नाही.

दीड महिन्यापूर्वी संध्याकाळी आंब्यांची पेटी घेऊन मी एकटीच घरी येत होते. आमचं पार्किंग बिल्डिंगखाली आहे, खांबांच्या मध्ये. माझ्या जागेसमोर भिंत, भिंतीशी कर्दळीची मोठी कुंडी आणि कुंडीशेजारी वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची. नेहमीसारखी आत घेतली, ब्रेक दाबला. गाडी पुढे गेली. म्हणून मी ब्रेक अजून दाबला. गाडी अजून पुढे गेली. कुंडी फुटली, खुर्ची बंपरखाली गेली आणि भिंतीला टेकून इंजिन बंद पडलं. मग खाली बघितलं तर पाय ॲक्सिलरेटरवर.

खुर्ची रिकामी होती. तो पाण्याची मोटर लावायला उठला होता. धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, कुंडीचं काय एवढं, तुम्हाला लागलं नाही ना?" मी कुंडीचे आणि खुर्चीचे मिळून ६५० रुपये सोसायटीत भरले. घरी सांगितलं की क्लचवरून पाय सटकला. यांना क्लच म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यामुळे ते पटलं. लेकीला (ती बंगळुरूला असते) काहीच सांगितलेलं नाही.

ब्रेकवरच पाय आहे अशी माझी पक्की खात्री होती. तीच गोष्ट रात्री झोपू देत नाही. चूक झाली तेव्हा चूक होतेय असं वाटलंच नाही.

तर प्रश्न असा की हे एकदाचं म्हणून सोडून द्यावं की विकावी? आणि विकली तर ज्यांनी विकली ते पुढे काय करतात? यांचं वय ७८, बायपास झालेली, गुडघे बोलायला लागलेत. मधूनमधून माझ्या माहेरी वाईला जातो, नाटकं बघतो, दवाखाने आहेतच. शहाणपणाचं सांगा, दिलाशाचं नको.

घाटवळण (सातारा)

ताई, एका कुंडीवरून गाडी विकायला निघालात? मी ७८ चा. मागच्याच आठवड्यात पसरणी घाट चढून पाचगणीला जाऊन आलो, स्वतः चालवत. माणूस वयाने नाही, मनाने म्हातारा होतो. ही गाडी काढा आणि ऑटोमॅटिक घ्या. क्लचच नाही, डाव्या पायाला सुट्टी! आमच्या ग्रुपमध्ये तिघांनी घेतली, तिघंही खूष. आणि गाडी विकलेली माणसं मी बघितलीत. सहा महिन्यांत सोफ्यावर जाऊन बसतात ती उठत नाहीत.

जुना कारकून (पिंपरी)

विकावी की नाही ते तुम्ही ठरवा, मी कागदांचं सांगतो. उभं आयुष्य कागदांत गेलंय.

ठेवायची असेल तर पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. अर्ज नमुना २५, गाडी तपासणीला न्यावी लागते, कारची फी ५,००० आणि पर्यावरण कर वेगळा. २०२२ च्या एप्रिलपूर्वी हीच फी ६०० होती, त्यामुळे कुणी जुना आकडा सांगितला तर ऐकू नका. लायसन्ससाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, नमुना १ अ. दिल्लीसारखी ठरावीक वर्षांनी बंदी आपल्याकडे नाही, तेव्हा "आता ही भंगारच" म्हणून कुणी भाव पाडायला लागलं तर चहा पाजून वाटेला लावा.

विकायची असेल तर माझी कहाणी ऐका. २००९ ला मी स्कूटर ओळखीच्या माणसाला दिली. नावबदलाच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या केल्या, पैसे घेतले, हात मिळवले. त्याने फॉर्म कपाटात ठेवले. सात वर्षांनी कुठल्याशा चौकात सिग्नल तोडल्याची पावती माझ्या नावावर आली. निव्वळ पावती होती म्हणून निभावलं. अपघात असता तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक. मधे गाडी चार हातांतून फिरली असली तरी भरपाईला तोच उभा. म्हणून नाव बदललेली आरसी डोळ्यांनी बघेपर्यंत व्यवहार झाला असं समजू नका. थोडी रक्कम अडकवून ठेवा, माणसं बरोबर फेऱ्या मारतात.

गिऱ्हाईक नाही मिळालं आणि मोडीतच काढायची ठरली, तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद घ्या. रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला दिलेली गाडी कागदावर मरत नाही.

आणि विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के झालेला असतो. तो गाडीचा नसून तुमचा असतो, गिऱ्हाइकाला जात नाही. कंपनीकडून पत्र घेऊन ठेवलंत तर तीन वर्षांत दुसरी गाडी घेताना चालतो. लेकीला मात्र वापरता येणार नाही.

पडवी (रत्नागिरी)

मी जनरल प्रॅक्टिस केलेला डॉक्टर, आता निवृत्त. सगळे गाडीबद्दल बोलतायत. मला पायाबद्दल विचारायचं आहे.

सेकंड गिअर, तुम्हाला मधुमेह आहे का? किती वर्षं? रात्री पायाला मुंग्या येतात? चप्पल पायातून निसटली आणि दोन पावलं पुढे गेल्यावर कळलं, असं कधी झालंय?

तुम्ही लिहिलंय की पाय ब्रेकवर आहे याची खात्री होती. घाईगर्दीत पेडल चुकणं तरुणांचंही होतं, पण त्यांना तळव्याखालचा फरक लगेच कळतो आणि पाय मागे येतो. तुमचा आला नाही, उलट तुम्ही जोर वाढवलात. डोळे तपासून घ्याच, मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हींसाठी. पण आधी पाय दाखवा. साधी तपासणी आहे, दहा मिनिटांची.

आणि घाटवळण, ऑटोमॅटिकमध्ये क्लच नसतो हे खरं, पण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाला राहतात. शिवाय यांची गाडी भिंतीला टेकून बंद पडली ती गिअरची होती म्हणून. ऑटोमॅटिक पाय काढेपर्यंत रेटत राहते.

सेकंड गिअर

डॉक्टर, मधुमेह चौदा वर्षं आहे. मुंग्यांचं म्हणाल तर मी त्याला "पाय झोपला" म्हणते. चपलेचं वाचलं आणि उठून आत गेले. मार्गशीर्षात देवळातून एकच चप्पल घालून निम्मी पायरी उतरले होते. सगळ्या हसल्या, मीही हसले.

उद्या अपॉइंटमेंट घेते.

तिसरी सीट (ठाणे)

काकू, मी ६९ व्या वर्षी गाडी विकली, तीन वर्षं झाली. विकल्यावर खरी अडचण कुठे येते ते सांगते. ती रिक्षा न मिळण्याची नसते, रिक्षाचे ऐंशी रुपये द्यायला हात खिशात न जाण्याची असते.

पेट्रोलला दोन हजार टाकताना आपल्याला काही वाटत नाही. पण "नुसतं मैत्रिणीकडे जायला जाऊन-येऊन दीडशे?" असं मनात आलं की फोनवरच बोलून घेते बाई. असं करत पहिल्या चार महिन्यांत मी भजनाला गेले नाही, भाचीच्या केळवणाला गेले नाही आणि वर सगळ्यांना सांगत होते की गाडी नाही ना आता. घाटवळणकाका म्हणतात तो सोफा हाच.

मग मुलाने एक केलं. श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला आणि गाडीच्या हिशेबाने दर महिन्याला त्यात ३,००० ठेवायला लागला, माझ्याच पेन्शनमधून. अट एकच होती. डब्यातले पैसे फक्त रिक्षा-टॅक्सीला, आणि महिनाअखेर उरले तर भाजीला वापरायचे नाहीत. कुठेतरी जाऊनच संपवायचे. पहिल्या महिन्यात अकराशे उरले, तर ते संपवायला नणंदेला घेऊन येऊरला गेले. आता उरत नाहीत.

आणखी एक. रात्रीची सोय आधी करून ठेवा. ॲम्ब्युलन्सचा १०८ तर आहेच, पण साधं पोट दुखलं तर १०८ कशाला? दोन रिक्षावाल्यांचे नंबर स्वयंपाकघरात भिंतीवर लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात. फोनमध्ये नको, नेमका त्याच वेळी चष्मा सापडत नाही.

हडपसरकर

मावशी, मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे मुलगा. वडिलांची किल्ली मीच काढून घेतली होती. त्यांनी एका दुचाकीला कट मारला, पोरगा पडता पडता वाचला. मी घरी येऊन सगळ्यांदेखत किल्ली उचलली आणि पंधरा दिवसांत गाडी विकून टाकली. वडील चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. गाडी गेली म्हणून नव्हे. माझी पोरं समोर बसली होती म्हणून.

काका-काकूंचं घर कसं आहे मला माहीत नाही. पण क्लचची थाप आहे ना, ती तुम्ही स्वतःच मोडा. लेकीला वॉचमनकडून कळलं तर ती विमान पकडून किल्ली न्यायला येईल.

सेकंड गिअर

आठ दिवसांनी लिहितेय, कारण मधले चार दिवस लिहावंसं वाटलं नाही.

पाय दाखवला. डॉक्टरांकडे नायलॉनचा एक दोरा होता, झाडूच्या काडीएवढा जाड असेल नसेल. म्हणाले डोळे मिटा, टोचल्यासारखं वाटलं की "हो" म्हणा. प्रत्येक तळव्यावर दहा जागा. मी आपली मन लावून हो, हो म्हणत होते. डोळे उघडल्यावर त्यांनी कागद दाखवला. डाव्या पायाला दहापैकी सात, उजव्या पायाला चार. नादकाटा अंगठ्यावर टेकवला तर डावीकडे गुणगुण लागली आणि उजवीकडे नुसतं थंड लोखंड. मी विचारलं, तुम्ही मधे थांबला होतात का? म्हणाले, नाही, एका लयीत टेकवत होतो. म्हणजे उजव्या पायाला ते सहा वेळा टेकवून गेले आणि मी डोळे मिटून त्यांची वाट बघत होते.

त्यांनी गाडीचं काही म्हटलं नाही, मीच विचारलं. म्हणाले, नमुना १ अ वर सही मागायला माझ्याकडे येऊ नका. बरं वाटलं. दुसरीकडे सही मिळाली असती हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे.

घाटवळण, तुमच्याशी वाद नाही. तुमचे पाय तुमच्याजवळ. पण एकदा दोरा टेकवून घ्या, पसरणी घाटात माझं माहेरचं माणूस असतं.

रात्री यांना कुंडीचं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "मला माहीत आहे, वॉचमनने त्याच दिवशी सांगितलं." मग म्हटलं, दीड महिना माझ्या शेजारी बसून फिरत होतात ते? तर म्हणाले, "म्हणून तर हळू म्हणत होतो." याला काय उत्तर देणार!

लेकीला फोन केला. ती रडली, मग चिडली, मग टॅक्सीचं ॲप कसं वापरायचं ते तासभर शिकवत बसली. या क्रमाला माझी तयारी होती.

मागच्या रविवारी गाडीशिवाय वाईची रंगीत तालीम केली. घराजवळ आनंदनगरला मेट्रोत बसलो. ही लाइन २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाली तेव्हा हौस म्हणून एकदा बसलो होतो, त्यानंतर नेहमी तिच्या खालून गाडी चालवली. जिल्हा न्यायालय स्टेशनला बदलायचं, तिथून जमिनीखालून स्वारगेट. बदलताना खोल उतरावं लागतं. सरकत्या जिन्यासमोर हे नदीकाठी उभं राहिल्यासारखे उभे राहिले, मग लिफ्ट शोधली. लिफ्ट आहे, जरा चालावं लागतं. स्वारगेटला एसटी. पंचाहत्तरच्या वर असल्याने यांना तिकीट शून्य, मला बाई म्हणून अर्धं. कंडक्टरने आधार कार्ड बघून यांना कोपरापासून नमस्कार केला, तेव्हापासून गडी खूष आहे. दारापासून दारापर्यंत साडेतीन तास लागले, गाडीने सव्वादोन लागायचे. पण शिरवळच्या पुढे मी चक्क डावीकडच्या शेतांकडे बघत होते. त्या रस्त्याने इतक्या वेळा गेलेय, डावीकडे काय आहे ते मला माहीतच नव्हतं.

कुरकुर करायचीच तर रिक्षांबद्दल करेन. जवळचं भाडं म्हटलं की मान हलते. त्यावर उपाय सापडलेला नाही.

श्रीखंडाचा डबा सापडला. त्यात ३,४०० ठेवलेत. ४०,५०० भागिले बारा, वरच्या शंभराला पूर्ण केलेत.

जुना कारकून

गाडीचं काय ठरलं? आणि फास्टॅग बंद करायला विसरू नका. तो गाडीबरोबर गेला तर टोल दुसऱ्याचा आणि पैसे तुमचे.

सेकंड गिअर

बरं झालं आठवण केलीत, काचेवर तो तसाच होता. आज बंद केला, दोनशे दहा रुपये होते.

गाडी आमच्या गॅरेजवाल्याच्या पुतणीला दिली. तिला नर्सिंगच्या रात्रपाळीला जायला हवी होती. आरसीचं नूतनीकरण तीच करून घेणार, त्यामुळे किमतीत पाच हजार सोडले. नाव बदलेपर्यंत तुमच्या सांगण्याप्रमाणे दहा हजार अडकवून ठेवलेत. तिच्या काकाला ते जरा लागलं, म्हणाला, "इतक्या वर्षांची ओळख, मॅडम." मी म्हटलं ओळख आहे म्हणून दहा, नाहीतर वीस ठेवले असते.

न्यायला आली तेव्हा तिला शेजारी बसवून एक चक्कर मारून आणावी असं फार वाटलं. नाही मारली. तिला चालवायला दिली आणि मी शेजारी बसले. सेकंड जरा अडकतो, आधी थर्डकडे ढकलल्यासारखं करून मागे घ्यायचा, हे मॅन्युअलमध्ये नाही, ते दाखवलं. कर्वे पुतळ्यापाशी एक बस अंगावर आली आणि माझ्या तोंडून निघालं, "हळू, हळू." मागच्या सीटवर हे बसले होते. काही बोलले नाहीत, पण आरशात दिसत होते.

येत्या शनिवारी बालगंधर्वला नाटक आहे. जाताना मेट्रोने, छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनपासून चालत. यायला रात्र होईल, तेव्हा डब्यातले पैसे. रिक्षा मिळाली नाही तर इथेच येऊन शिव्या घालीन, तिसरी सीट, तयार राहा.